जुन्नर तालुका बघायचाय? मग एका रविवारात उरकू नका

पहिला पाऊस पडला की ऑफिसातलं कोणी ना कोणी मला विचारतंच, अरे तुझं आजोळ जुन्नरकडचं ना, आम्ही रविवारी चाललोय, काय काय बघू? आणि त्यांची यादी आधीच ठरलेली असते, शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, जमलं तर नाणेघाट, संध्याकाळी परत. मी प्रत्येकाला तेच सांगतो, म्हणून आता एकदा सगळं लिहूनच काढतो. गड बघाच, देवाला जाच, पण हा तालुका मुळात शेतकऱ्यांचा आहे. तिथे काय पिकतं, कधी पिकतं, बाजारात त्याचं काय होतं, गावाची जत्रा कशी भरते हे बघितलं नाही तर जुन्नर बघितलंच नाही असं माझं प्रामाणिक मत आहे.

आधी तालुका समजून घ्या. सोपी युक्ती म्हणजे पाण्यामागे जायचं. पश्चिमेला सह्याद्रीची कड, घाटघर, नाणेघाट, आंबे-हातवीज, तिकडे पाऊस इतका की जुलैत चार दिवस सूर्य दिसत नाही, तिथे भातखाचरं आणि हिरड्याची झाडं आणि महादेव कोळी समाजाची गावं. तिथून पूर्वेकडे यायला लागलं की धरणं लागतात. कुकडी प्रकल्पात पाच धरणं आहेत, माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे आणि डिंभे, यातलं डिंभे तेवढं आंबेगाव तालुक्यात, बाकी चारही जुन्नरमध्ये. या धरणांच्या आणि कालव्यांच्या जोरावर मधला पट्टा बागायती झालाय, ऊस, द्राक्ष, टोमॅटो, कांदा, केळी, फुलं, काय म्हणाल ते. आणि अजून पूर्वेला आळेफाट्याच्या पुढे गेलात की आणे पठार, तिथे परत कोरडवाहू, बाजरी-ज्वारी आणि उन्हाळ्यात टँकर. नाणेघाटापासून आण्यापर्यंत गाडीनं ऐंशी किलोमीटरच्या आसपासच अंतर असेल, पण एवढ्यात तुम्ही छत्रीच्या मुलखातून टँकरच्या मुलखात येता. दोन दिवस काढा, पश्चिमेकडून पूर्वेकडे या, सगळं आपोआप कळत जातं. राज्य सरकारनं २०१८ साली जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं, त्यानंतर पाट्या लागल्या, मुक्कामाच्या सोयी वाढल्या, त्याआधी पाहुणा म्हणून कोणाच्या तरी घरीच उतरावं लागायचं.

कधी यायचं हे तुम्हाला काय बघायचंय त्यावर आहे आणि इथेच बहुतेक जण चुकतात, कारण सगळे जुलै-ऑगस्टच्या रविवारी येतात. त्या दिवसांत नाणेघाटात धबधबा वाऱ्यानं उलटा वर उडतो, भातलावणी चालू असते, ते बघण्यासारखंच आहे, पण रविवारी तिथे गाड्यांच्या रांगा लागतात आणि धोकादायक ठिकाणी प्रशासन अधूनमधून बंदीही घालतं, त्यामुळे निघायच्या आधी चौकशी करा आणि शक्यतो मधल्या वारी या. मला विचाराल तर जानेवारी-फेब्रुवारी सगळ्यात चांगला. हवेत गारवा असतो, द्राक्षाच्या बागा भरलेल्या असतात, आमच्याकडची काळी जम्बो द्राक्षं बाहेरदेशी जातात ती याच दिवसांत, साखर कारखाना चालू असतो, हुरडा असतो, आणि १९ फेब्रुवारीला शिवजयंती. शिवजयंतीच्या आदल्या रात्री गावोगावची पोरं शिवनेरीवरून ज्योत घेऊन पळत निघतात, अनवाणीसुद्धा, ते बघून अंगावर काटा येतो, पण त्या दोन दिवसांत जुन्नरमध्ये गाडी आत नेणं जवळपास अशक्य, तेव्हा गर्दी झेपणार असेल तरच. मार्च ते मे ऊन कडक आहे, पण जत्रा सगळ्या तेव्हाच. मेपासून पुढे उन्हाळी टोमॅटो. दिवाळीनंतर भातकापणी आणि ऊसतोड. मोकळा महिना असा नाहीच, फक्त तुम्ही काय बघणार ते बदलतं.

पुण्याहून नारायणगाव पंच्याहत्तर किलोमीटर आहे, पुणे-नाशिक हायवेवर, पण मोशी-चाकणचं ट्रॅफिक मध्ये आहे त्यामुळे पहाटे साडेपाचला निघालेला माणूस आणि साडेआठला निघालेला माणूस यांच्यात दीड-दोन तासांचा फरक पडू शकतो. आता राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव सगळीकडे बायपास झालेत, म्हणून लक्ष ठेवा, नाहीतर गप्पांच्या नादात नारायणगाव मागे टाकून सरळ आळेफाट्याला पोचाल. नारायणगावहून पश्चिमेला पंधरा किलोमीटरवर जुन्नर. मुंबई-कल्याणकडून येणाऱ्यांनी मुरबाडवरून माळशेज घाट चढून यावं, वर आलं की पिंपळगाव जोग्याचं पाणी डाव्या हाताला पसरलेलं दिसतं, तिथून ओतूर. माळशेजमध्ये पावसाळ्यात दरड येते, तेवढी बातमी बघून निघा. एसटीनं यायचं तर नाशिककडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या नारायणगावला थांबतात, पुढे जुन्नरला जायला एसटी आणि जीप दोन्ही आहेत. पण शेतातल्या मुक्कामाला आणि आडवाटेच्या गावांना स्वतःची गाडी असलेली बरी, किंवा यजमानाला सांगा, फाट्यावर न्यायला येतात.

मुक्काम शेतावर करा. हॉटेलात उतरून हा तालुका कळत नाही. राजुरी, ओतूर, नारायणगाव या बाजूला कृषी पर्यटन केंद्रं आहेत, काही नीट बांधलेली, स्विमिंग टँकवाली, आणि काही म्हणजे शेतकऱ्यानं घरामागे दोन खोल्या काढलेल्या. मी दुसरी निवडेन, कारण तिथे शेती खरंच चालू असते. फोन करताना फक्त रेट विचारू नका. विचारा की सध्या रानात काय आहे, तोडा चालू आहे का, दूध काढताना मुलांना बघता येईल का, जेवण घरातले करतात का. ज्याला हे सगळं धडाधड सांगता येतं तो शेतकरी, आणि जो फक्त रेन डान्स आणि डीजेबद्दल बोलतो तो नुसता व्यावसायिक, त्यात वाईट काही नाही पण मग तुम्ही लोणावळ्यालाही जाऊ शकला असता. अजून एक, जेवणाची ऑर्डर आदल्या दिवशी सांगा. चुलीवर वीस भाकऱ्या थापणारी बाई सकाळपासून रानात असते, तिला ऐनवेळी आठ माणसं वाढली म्हणून सांगणं बरोबर नाही.

रानात कसं वागायचं हे मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण यावरून वाईट वाटण्याचे प्रसंग मी स्वतः बघितलेत. दोन वर्षांपूर्वी माझ्याबरोबर आलेल्या एका कुटुंबातली पोरं द्राक्षाच्या मांडवाखाली शिरली आणि घडावरचे मणी तोडून तोंडात टाकायला लागली, मोठ्यांनाही त्यात काही वाटलं नाही. माझा मामा, ज्याची ती बाग, लांबून ओरडत पळत आला, कारण आदल्या दिवशीच फवारणी झाली होती. त्याला मण्यांचं काही नव्हतं, त्याचा जीव पोरांसाठी उडाला होता. पोरांना लगेच गुळण्या करायला लावल्या, डॉक्टरला फोन केला, काही झालं नाही, पण मामा त्या रात्री जेवला नाही. तेव्हा मालकाला विचारल्याशिवाय झाडावरचं काहीही तोंडात घालायचं नाही, एक मणीसुद्धा नाही. शिवाय एक्सपोर्टच्या घडाला नुसता हात लागला तरी मण्यावरची पांढरी लव पुसली जाते आणि तो घड निवडीत बाजूला पडतो, हे शहरातल्या माणसाला माहीत नसतं. चालताना बांधावरून चाला, वाफ्यात पाय टाकू नका, ठिबकच्या नळीवर पाय पडला तर लपवू नका, सांगा, ती लगेच जोडता येते पण दोन दिवसांनी कळलं तर ओळ वाळलेली असते. ड्रोन उडवायचा असेल तर विचारून. आणि गोठ्यात नव्या माणसानं गाईच्या मागून जाऊ नये, पुढून जावं, हात लावायच्या आधी तिला दिसावं.

बिबट्याबद्दल सगळे विचारतात, तर सरळ सांगतो. हो, आहे. आमच्याकडची माणसं त्याला वाघच म्हणतात. धरणं आली, ऊस वाढला, आणि उसाच्या दाट रानात बिबट्यांच्या पिढ्या जन्मल्या, तोडणीच्या वेळी फडात बछडी सापडतात आणि मग वनखातं ती परत आईजवळ पोचावीत म्हणून रात्रभर थांबतं. माणसांवर हल्ले झालेत, लहान मुलं गेलीत, हे आमच्यासाठी बातमीतलं नाही, ओळखीच्या घरातलं आहे. तेव्हा अंधार पडल्यावर शेतरस्त्यानं पायी फिरायला निघू नका, उसाच्या कडेला तर नाहीच. लहान मूल हाताशी धरा, उघड्यावर वाकून किंवा बसून राहू नका, मोबाईलवर गाणी लावून आणि बॅटरी घेऊन दोघा-तिघांनी चाला. माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र आहे, वनखातं आणि वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था मिळून ते चालवतात, पण ते प्राणिसंग्रहालय नाही, जखमी आणि पकडलेले बिबटे तिथे असतात, त्यामुळे तिकीट काढून बघायला जायचंय अशा हिशोबानं जाऊ नका. आणि रात्री शेताकडे जाताना दिसणारी माणसं बघा. शेतीची थ्री फेज लाइट पाळीनं येते, रात्रीची पाळी आली की माणूस बिबट्याच्या त्याच रानात बारे द्यायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जातो. दिवसा लाइट द्या ही इथली जुनी मागणी आहे.

आता पश्चिमेचा दिवस. शिवनेरीला सकाळी सातच्या आत पायथ्याला या. सात दरवाज्यांची वाट आहे, पायऱ्या बांधलेल्या आहेत, आजी-आजोबासुद्धा थांबत थांबत चढतात. शिवाई देवी, गंगा-जमुना टाकी, शिवजन्मस्थान, बदामी तलाव, कडेलोट. १६३० साली महाराजांचा जन्म इथे झाला, आणि २०२५ च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं त्यात हा आहे. साखळीच्या वाटेनं अनुभव नसताना जाऊ नका. मधमाश्यांचे हल्ले झालेत, म्हणून उग्र सेंट मारून येऊ नका आणि वर धूर-फटाके अजिबात नको. गडावर उभं राहून पूर्वेकडे बघा, जुन्नर शहर आणि त्यामागे हिरवे-करडे चौकोन, आणि आजूबाजूच्या डोंगरांत लेण्यांची काळी तोंडं. शहराच्या चारी बाजूंना मिळून दोनशेच्या वर कोरीव लेणी आहेत, लेण्याद्रीचा गिरिजात्मज गणपती त्यातल्याच एका बौद्ध लेण्यात आहे, तीनशेच्या आसपास पायऱ्या आणि तिकीट आहे. ओझर मी तुम्हाला सांगायची गरज नाही, अष्टविनायक करणारे सगळे जातातच.

शिवनेरी उतरलात की घाटघरच्या रस्त्याला लागा. वाटेत चावंड किल्ल्याच्या पायथ्याजवळ पूर नावाचं गाव आहे, तिथे कुकडेश्वराचं जुनं दगडी मंदिर. कुकडी नदी इथे उगम पावते. लोक या मंदिराला बगल देऊन नाणेघाटाकडे पळतात, पण मी तुम्हाला हात जोडून सांगतो इथे अर्धा तास बसा. पायाशी जे पाणी झिरपतंय तेच पुढे माणिकडोहात साठतं, तेच येडगावात येतं, तेच कालव्यानं जातं, तेच तुम्ही उद्या टोमॅटोच्या वाफ्यात बघणार आहात.

नाणेघाटात सातवाहनांच्या काळातली गुहा आहे, भिंतीवर नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख, यज्ञात काय काय दान दिलं त्याचे आकडेसुद्धा कोरलेत. दारात मोठा दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकायचे असं सांगतात. कल्याण बंदरात उतरलेला माल याच घाटानं वर जुन्नरला यायचा. म्हणजे बघा, दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा हे गाव बाजाराचंच होतं. शिलालेखावर हात फिरवू नका, पाणी मारून फोटो काढू नका. घाटघरला जेवायचं असेल तर सकाळी जाताना एखाद्या घरी सांगून जा, नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पावसाळ्यात रानभाज्या. तिथला तांदूळ विकत घ्या, आणि हंगामात बायका हिरडा वाळत घालत असतील तर थांबून बोला, उन्हाळ्यात बाळहिरडा वेचणं ही त्या पट्ट्यातली हातात रोख पैसा देणारी मोठी गोष्ट आहे.

दुसरा दिवस नारायणगावला द्या. इथला टोमॅटोचा बाजार जुन्नर बाजार समितीचा उपबाजार आहे, आणि हंगामात तिथे उभं राहणं मला कुठल्याही धबधब्यापेक्षा जास्त भारी वाटतं. पिकअपच्या रांगा, प्रत्येकात लाल-निळ्या प्लॅस्टिकच्या क्रेटची थप्पी, आमच्याकडे त्याला कॅरेटच म्हणतात, एका कॅरेटात वीस किलो. व्यापारी वरचं कॅरेट बघत नाही, हात घालून खालचा एक टोमॅटो काढतो, अंगठ्यानं देठाजवळ दाबतो, फोडतो, आतलं बघतो, आणि एक आकडा बोलतो. बस. त्या आकड्यासाठी रोपं आणलेली असतात, मल्चिंग अंथरलेलं असतं, बांबू रोवून तार ओढून सुतळीनं एकेक फांदी बांधलेली असते, चार महिने फवारण्या केलेल्या असतात. मी मामाबरोबर बऱ्याचदा गेलोय. आकडा ऐकला की तो काही बोलत नाही, खिशातला रुमाल काढून मान पुसतो, आणि रुमाल परत खिशात जातो की हातातच राहतो यावरून मला भाव कळतो. २०२३ च्या जुलैत याच बाजारात वीस किलोच्या कॅरेटला दोन हजारांच्या वर भाव मिळाला, गावात नवे ट्रॅक्टर आले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात भाव इतका पडला होता की तोडणीची मजुरी सुटत नाही म्हणून लोकांनी माल टाकून दिला होता. दोन महिन्यांचं अंतर. हे ज्यानं तिथे उभं राहून ऐकलं तो परत भाजीवाल्या मावशीशी दोन रुपयांसाठी वाद घालत नाही, निदान माझ्याबरोबर आलेले तरी घालत नाहीत.

बाजारात जायची रीत अशी, वेळ यजमानाला विचारा कारण ती हंगामाप्रमाणे बदलते, गाडी बाहेर लावा, हमालाच्या वाटेत उभे राहू नका, पाठीवर ओझं असलेल्या माणसाला थांबता येत नाही. भाव चालू असताना मध्ये प्रश्न विचारू नका, पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, झाली की शेतकरी चहाला थांबतो तेव्हा विचारा, भरभरून बोलतो. कोथिंबीर-मेथीच्या जुड्यांचा लिलाव बघायला मिळाला तर तोही बघा, तिथे शेकड्यावर बोली लागते. जनावरांचा बाजार बघायचा असेल तर बेल्ह्याचा सोमवारचा आठवडे बाजार, बैलांचे दात बघणं, रुमालाखाली बोटं धरून सौदा, सगळं अजून चालतं.

जेवणाचं एकच सांगतो, मासवडी खाल्ल्याशिवाय जाऊ नका. नावात मास असलं तरी शाकाहारी आहे. माझी मामी करते तेव्हा मी शेजारी पाट टाकून बसतो. सुकं खोबरं, तीळ, लसूण, कांदा भाजून कुटलेला मसाला एका ताटात तयार. मग कढईत बेसनाचं घट्ट पिठलं, इतकं घट्ट की उलथणं उभं राहील, ते गरम असतानाच ओल्या फडक्यावर ओतायचं आणि पाण्याचा हात लावून पसरायचं, चटका बसतो पण थांबता येत नाही, गार झालं की भेगा पडतात. त्यावर मसाला, कोथिंबीर, आणि फडक्याच्याच आधारानं गुंडाळी करून वरून दाबून माशासारखा आकार द्यायचा. मग सुरीनं तिरक्या वड्या. बरोबर काळा झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. वडी रश्श्यात आधी बुडवून ठेवू नका, विरघळते, खाताना बुडवा. ओतूर, आळेफाटा, नारायणगाव कुठेही खाणावळीत मिळेल, पण तिखट सोसत नसेल तर आधीच सांगा, आमच्याकडे मध्यम तिखट असा प्रकार नाही.

जत्रेच्या दिवसांत आलात तर बाकी सगळं रद्द केलं तरी चालेल. चैत्र-वैशाखात गावोगावी यात्रा असतात, तारीख तिथीवर असते त्यामुळे यजमानालाच विचारावं लागतं. सकाळी देवाला अभिषेक, मांडवडहाळे, दुपारी बैलगाडा शर्यत, संध्याकाळी पालखी आणि छबिना, रात्री तमाशा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशाची हजेरी आणि कुस्त्यांचा आखाडा. बैलगाडा घाटात होतो, घाट म्हणजे चढाची धावपट्टी. एका वेळी एकच गाडा, त्याच्या धावेला बारी म्हणतात, पुढे घोडी, आणि वेळ सेकंदांत मोजतात. निवेदकाचा आवाज, भंडाऱ्याची उधळण आणि भिर्रर्र अशी आरोळी. कोर्टाच्या बंदीमुळे २०१४ पासून वर्षानुवर्षं घाट सुने होते, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि २०२३ च्या मे मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा कायम ठेवला. बैलाला मारणं, शॉक देणं याला बंदी आहे आणि ती पाळलीच पाहिजे, कोणी मोडताना दिसलं तर कमिटीला सांगा. उभं राहायचं ते बॅरिकेडच्या मागे आणि वरच्या टोकाला नाही, गाडा तिथे लगेच थांबत नाही.

आणि तमाशा. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. होळी झाली की पाडव्याच्या सुमाराला इथे फडमालकांच्या राहुट्या लागतात, कापडी राहुटी, पुढे फडाच्या नावाचा बोर्ड, आत गादी आणि वही. लांबलांबच्या गावचे पंच येतात, कोणत्या रात्री कोणता फड रिकामा आहे बघतात, घासाघीस होते आणि सुपारी दिली जाते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच मातीतल्या, राष्ट्रपती पुरस्कार त्यांना दोनदा मिळाला, १९५७ आणि १९९० साली, आणि आता राज्य सरकार तमाशातल्या ज्येष्ठ कलावंतांना त्यांच्या नावानं जीवनगौरव देतं. तमाशा बघायला लाजू नका, पण बघायचा तर पूर्ण बघा, गण, गवळण, बतावणी आणि मग वग. फक्त गाणी बघून वगाच्या आधी उठून गेलात तर निम्म्या कलाकारांची मेहनत तुम्ही बघितलीच नाही. कुटुंब बरोबर असेल तर बायका-मुलं कुठे बसतात ते यजमान सांगतो. मोबाईल वर धरून शूटिंग करू नका. दुसऱ्या दिवशीच्या हजेरीला जमलं तर जाच, रात्रभर जागलेली माणसं उन्हात परत ढोलकीवर उभी राहतात.

हिवाळ्यात आलात तर आणे पठारावर रंगदास स्वामींची यात्रा भरते, तिचा महाप्रसाद आमटी-भाकरीचा. भल्यामोठ्या कढयांमधून आमटी शिजते आणि भाकऱ्या गावागावांतल्या घरांतून थापून येतात, हजारो माणसं जमिनीवर पंगतीत बसून जेवतात. कोरडवाहू पठार, पाण्याची ओढ, आणि तिथे कोणी उपाशी जात नाही. तिकडे जाताना नगर-कल्याण रस्त्यावर आणे घाटात गुळुंचवाडीला ओढ्यानं पोखरून झालेला नैसर्गिक दगडी पूल आहे, रस्त्यापासून जवळ, थांबा. हुरडाही त्याच बाजूला चांगला, आगटीत भाजलेला, लगेच हातावर चोळून.

ही बाजू करताना अजून दोन-तीन गोष्टी जमतात. खोडदला जीएमआरटी, म्हणजे रेडिओ दुर्बीण. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, चौदा खोडदच्या परिसरात आणि बाकीच्या तीन बाजूंना पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या, गोविंद स्वरूप यांनी उभी केली. आधी परवानगी काढल्याशिवाय आत सोडत नाहीत, मात्र २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमाराला तिथे मोठं प्रदर्शन असतं, शाळांच्या गाड्याच्या गाड्या येतात. मोबाईल बंद ठेवायला सांगतात, ठेवा, आकाशातून येणारा सिग्नल फार क्षीण असतो. बाहेरून बघितलं तरी कांद्याच्या वाफ्यामागे ती जाळीदार तबकडी हळूच मान वळवताना दिसते, आणि खुरपणाऱ्या बायका वर बघतही नाहीत. बोरीला कुकडीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे, सुमात्रातल्या टोबाच्या उद्रेकाची राख म्हणून अभ्यासक ती तपासत आलेत, शेजारीच अश्मयुगीन हत्यारं सापडलीत, मुलांना दाखवा, पण उकरू नका. आणि आळ्याला रेड्याची समाधी, ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले त्या रेड्याची. जनावराचं मंदिर बांधून त्याची यात्रा भरवणारी ही माणसं आहेत, आमचे आजोबा पोळ्याला बैलाच्या पाया पडायच्या आधी या समाधीला जाऊन यायचे.

परत निघताना रोख पैसे थोडे जवळ ठेवा, रेंज गेली की यूपीआय चालत नाही. गाडीत जागा ठेवून आलात तर द्राक्षं, टोमॅटो, कांदा, घाटघरचा तांदूळ सगळं थेट शेतकऱ्याकडून घ्या, भाव त्यानं सांगितला तो द्या. ऊसतोडीच्या दिवसांत अंधार पडायच्या आत हायवेला लागा, उसाच्या ट्रॉलीला मागे लाइट नसतो आणि बैलगाड्या तर दिसतच नाहीत. आणि टोमॅटो कॅरेटमध्ये भरून दिले तर ते कॅरेट तुमचं नाही, ते त्यानं विकत घेतलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशीच्या तोड्याला त्याला तेच लागतं. घरून दोन रिकामी खोकी किंवा गोणी आणा, माल त्यात ओता आणि कॅरेट तिथेच बांधावर उलटं घालून ठेवा.